चर्चगेटचं चर्च आणि दगडातली दोन बाळं

‘चर्चगेटला उतर’ हे आपण आयुष्यात किती वेळा ऐकलेलं असतं! मुंबईला कुणाचं लग्न असो, मंत्रालयात काम असो, नाहीतर मुलाची मुलाखत असो. चर्चगेट म्हणजे शेवटचं स्टेशन, गाडी चुकायची भीती नाही, एवढंच आपल्याला ठाऊक. पण त्या चर्चगेटचं चर्च कुठे आहे, आणि गेट तरी कुठे गेलं, हा प्रश्न वयाची पन्नाशी उलटेपर्यंत माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. खरं सांगायचं तर तुमच्याही आला नसेल.

आमच्या भिशीच्या अकराजणी सहलीला म्हणून मुंबईला गेलो होतो. सिद्धिविनायक झाला, महालक्ष्मी झाली, तिथल्या पायऱ्यांवर बसून वडापावही झाला. परतीची गाडी रात्रीची. माझी भाची फोर्टात नोकरीला आहे, ती साडेपाचला सुटून आम्हाला भेटणार होती. फोनवर म्हणाली, ‘‘मावशी, चर्चगेटला उतरा आणि नाकासमोर चालत या. हॉर्निमन सर्कलच्या अलीकडे एक पांढरं चर्च लागेल. तिथे थांबा, सावली आहे.’’

निघालो. वाटेत हुतात्मा चौक लागला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांना हात जोडले. शेजारी ते फ्लोरा फाउंटन. आपण जिथे उभ्या होतो तिथेच एकेकाळी गावाची वेस होती, हे भाचीनं नंतर सांगितलं. आज आपण ‘फोर्ट’ म्हणतो तो भाग म्हणजे खरोखरचा किल्ला होता. भोवती तटबंदी, खंदक आणि तीन दरवाजे. एक अपोलो गेट, एक बाजार गेट आणि तिसरा हा, चर्चकडे जाणारा, म्हणून चर्च गेट. रात्री दरवाजे बंद व्हायचे. पुढे १८६०च्या दशकात, बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना तट पाडून टाकला, आणि दरवाजाच्या जागी कारंजं आलं. गेट गेलं ते गेलंच, नाव मात्र स्टेशनाला चिकटून राहिलं.

आणि चर्च? ते जिथल्या तिथे आहे. सेंट थॉमस कॅथेड्रल. आम्ही जेव्हा त्याच्या दारात पोचलो तेव्हा पुढे एक कोरीव दगडी कारंजं दिसलं. ते कावसजी जहांगीर रेडिमनी या पारशी गृहस्थांच्या देणगीतून उभं राहिलेलं. चर्चला कारंजं पारशानं दिलेलं! मला हे फार आवडलं.

पण दारात गाडी अडली. ‘‘आत जायचं का?’’ ‘‘आपल्याला चालतं का?’’ ‘‘आत्ताच देवदर्शन करून आलोय गं.’’ ‘‘कुणी हटकलं तर?’’ अकराजणींचे अकरा प्रश्न. एकीनं तर पिशवीतला प्रसाद पदराआड धरला. शेवटी आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या काकू म्हणाल्या, ‘‘देवाचं घर आहे ना? मग झालं.’’ आणि त्यांनी चपला काढल्या. त्यांच्यामागे आम्ही सगळ्यांनी काढल्या. आतला राखणदार हसला. म्हणाला, ‘‘ताई, चपला राहू द्या, इथे चालतात.’’ काकू म्हणाल्या, ‘‘तुम्हाला चालत असतील हो, आम्हाला नाही चालत.’’ आणि अनवाणीच आत गेल्या.

घरी आल्यावर मी या चर्चबद्दल थोडं वाचलं, तेव्हा कळलं की दारात घुटमळणारे आपण काही पहिले नव्हतो. चर्चचं काम गव्हर्नर जेराल्ड ऑंजियर यांच्या काळात, १६७६च्या सुमारास सुरू झालं, आणि भिंती थोड्या वर आल्यावर सुमारे चाळीस वर्षं तसंच पडून राहिलं. मग रिचर्ड कॉब नावाच्या पाद्र्यानं पाठपुरावा करून, लोकांकडून वर्गणी जमवून ते पुरं केलं. १७१८ सालच्या नाताळच्या दिवशी ते उघडलं. त्या दिवशी दारात कोण उभं होतं? रामा कामाती. वाळकेश्वराचं देऊळ १७१५ साली पुन्हा बांधवणारे मुंबईतले मोठे हिंदू गृहस्थ. ते आपल्या जातभाईंना घेऊन आले होते आणि प्रार्थना संपेपर्यंत सगळे उभे राहिले, असं कॉबनंच लिहून ठेवलं आहे. दोनच वर्षांनी याच रामा कामातींवर कान्होजी आंग्ऱ्यांशी संधान बांधल्याचा आरोप झाला, त्यांना कैद झाली आणि ते कैदेतच वारले. पुराव्याची पत्रं बनावट होती, असं इतिहासकार सांगतात. म्हणजे शेजारधर्मानं दारात उभं राहणाराही आणि त्याला तुरुंगात टाकणारेही याच तटाच्या आतले. इतिहास असा एकरंगी कधीच नसतो.

आत गेल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती शांतता. बाहेर बस, टॅक्सी, फेरीवाले, आणि आत नुसता पंख्यांचा आवाज. लांबच लांब बाकं, उंच छत, समोर रंगीत काचांतून येणारा उजेड. आम्ही अकराजणी कधी गप्प बसत नाही, पण तिथे दहा मिनिटं कुणी बोललं नाही. आपल्या देवळांत दर्शनाची घाई असते, ‘चला चला, पुढे चला’ असतं. नुसतं बसायला जागा आपल्या वाट्याला कमीच येते. घरात तर येतच नाही.

मग हळूहळू भिंतींकडे लक्ष गेलं. सगळ्या भिंतींवर संगमरवरी पाट्या. मेलेल्यांच्या आठवणी. सैनिक, कप्तान, अधिकारी. भाची आली होती, ती एकेक वाचून सांगू लागली. मुंबईत माणसाचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं, अशी त्या काळी इंग्रजांत म्हणच होती. हिवताप, पटकी, काय काय. एका ठिकाणी बाईचं नाव दिसलं, कॅथरिन कर्कपॅट्रिक. १७६६ साली वारली. तिचा एक मुलगा तेव्हा अगदी तान्हा म्हणावा एवढा. तोच जेम्स कर्कपॅट्रिक पुढे हैदराबादला रेसिडेंट झाला आणि तिथल्या खैरुन्निसा नावाच्या मुलीशी त्यानं लग्न केलं. आईला हे काहीच बघायला मिळालं नाही. ‘‘परक्या मुलखात, लेकरं मागे टाकून गेली गं बाई,’’ असं म्हणत आमच्यातल्या एकीनं पाटीवरून हात फिरवला. राज्य करायला आलेल्यांचीही बाई बाईच होती.

आणि मग ते दुसरं स्मारक. जोनाथन डंकन. हे १७९५ पासून १८११ मध्ये मरेपर्यंत मुंबईचे गव्हर्नर होते. स्मारकावर खाली दोन लहान बाळं कोरलेली आहेत, आणि त्यांच्या हातात एक पट्टी. भाचीनं ती वाचली. ‘बनारस आणि काठेवाडात बालहत्या बंद केली.’

‘‘कुठल्या बालहत्या?’’ कुणीतरी विचारलं. विचारायला नको होतं. सगळ्यांना उत्तर ठाऊक होतं.

डंकन आधी बनारसला रेसिडेंट होते. तिथल्या काही राजकुमार राजपूत घराण्यांत मुलगी जन्मली की तिला जगू देत नसत. डंकननी १७८९ साली त्या लोकांकडून ‘यापुढे असं करणार नाही’ असं लिहून घेतलं. पुढे ते मुंबईला गव्हर्नर असताना, काठेवाडातल्या जाडेजा सरदारांकडून १८०८च्या सुमारास कर्नल अलेक्झांडर वॉकर यांनी तसेच करार करून घेतले. तिकडे या प्रथेला ‘दूधपीती’ म्हणत. नाव बघा किती गोड! बाळाला दुधात बुडवायचं आणि म्हणायचं, दूध प्यायली.

हे काम मोठंच होतं. त्या काळी त्यावर बोट ठेवणं सोपं नव्हतं, त्याबद्दल डंकनना हात जोडलेच पाहिजेत. पण दगडावर ‘बंद केली’ लिहिलं म्हणून काही बंद झाली नाही. झाली असती तर डंकन गेल्यावर साठेक वर्षांनी, १८७० साली सरकारला मुलींच्या हत्येविरुद्ध वेगळा कायदा कशाला करावा लागला असता? आणि ते करार तरी कुणाशी झाले होते? बापांशी. सही सरदाराची, शपथ सरदाराची. ज्या बाईनं नऊ महिने पोटात वाढवलं, तिला कुणी विचारलं नव्हतं. तिचं नाव त्या दगडावर नाही, आणि त्या मुलींना तर नावंच मिळाली नव्हती.

मी हे सगळं मनात जुळवत होते, तेवढ्यात लक्षात आलं की आमच्या एक वहिनी तिथून हलत नाहीयेत. सगळ्या पुढे गेल्या तरी त्या त्या दोन बाळांसमोर उभ्याच. मी जवळ गेले. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘‘दोन मुलींवर तिसऱ्या वेळी मला रात्रीच्या गाडीनं नेलं होतं. कुठे ते मलाही सांगितलं नव्हतं. सकाळी परत आणलं. दुपारी घरात पाहुणे होते. मी पोळ्या लाटल्या.’’

वीस-बावीस वर्षं झाली असतील या गोष्टीला. आम्ही महिन्याला भिशीत भेटतो, एकमेकींच्या बीपीच्या गोळ्यांची नावंही आम्हाला पाठ आहेत. आणि ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. त्या पुढे एवढंच म्हणाल्या, ‘‘माझं नाव घालू नकोस. पण लिही.’’ या सहलीचे त्यांचे पैसे त्यांच्या थोरल्या लेकीनं भरले होते.

म्हणून लिहिते आहे.

आपल्या महाराष्ट्रानं गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा देशात सगळ्यात आधी केला, १९८८ साली. मग १९९४ साली देशाचा कायदा आला. तरीही सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुली २००१च्या जनगणनेत ९१३ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. बीड जिल्ह्यात तर ८०७. ही वेळ गरिबीमुळे आली असं म्हणायची सोय नाही. मशीन यायला पैसा लागतो, तपासणीला पैसा लागतो. पूर्वी दूध होतं, आता मशीन आलं, एवढाच फरक.

कायद्यातली एक गोष्ट आपल्या बायकांना कुणी सांगत नाही, ती इथे सांगते. गर्भवती बाईवर ही तपासणी लादली गेली, नवऱ्यानं किंवा नातेवाइकांनी तिला भाग पाडलं, असंच कोर्ट धरून चालतं. तसं नव्हतं हे समोरच्यानं सिद्ध करायचं असतं. म्हणजे ‘तूच अडकशील’ ही जी भीती घरात घातली जाते, ती खोटी असते. तक्रार जिल्हा शल्यचिकित्सकांकडे करता येते. हे एवढं वाक्य प्रत्येक सुनेला, प्रत्येक लेकीला ठाऊक असायला हवं.

पण मैत्रिणींनो, कायदा दारापर्यंतच येतो. घरात आपण असतो. सासू म्हणून, आई म्हणून, जाऊ म्हणून, शेजारीण म्हणून. ‘यंदा तरी पेढे की पुन्हा बर्फीच?’ हे थट्टेनं विचारणारी कोण असते? आपणच. डोहाळजेवणात पेढा-बर्फीच्या वाट्या झाकून ठेवून खेळ खेळणारी कोण? मीही खेळले आहे. पेढा निघाल्यावर टाळ्याही वाजवल्या आहेत. त्या वहिनीसुद्धा त्या घोळक्यात कधीतरी बसलेल्या असतील, आणि त्यांच्या मनात काय चाललं असेल, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

मला त्या चर्चमधून निघताना पुण्याची आठवण झाली. १८६३ साली जोतिबा आणि सावित्रीबाई फुल्यांनी आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. ते विधवांसाठी होतं, कारण वेगळं होतं. पण त्यांनी कुणाकडून शपथ लिहून घेतली नाही, दगडावर काही कोरलं नाही. ‘इथे या, सुखरूप बाळंत व्हा, मूल ठेवायचं असेल तर ठेवा, नाहीतर आम्ही सांभाळू’ असं सांगून दार उघडं ठेवलं. तिथे जन्मलेला एक मुलगा स्वतः दत्तकही घेतला. बाईला जाब न विचारता घरात घेणं, हे त्यांना जमलं.

डंकनचा दगडही हवा, कायदाही हवाच. पण एखाद्या सुनेला रात्रीच्या गाडीत बसवायची वेळ येते तेव्हा तिला दगड आठवत नाही. तिला एक दार आठवायला हवं, जिथे ती जाऊ शकेल. ते दार आपल्या गल्लीत, आपल्या भिशीत, आपल्या हळदीकुंकवात का असू नये?

आमच्या भिशीत आम्ही ठरवलं आहे. यापुढे डोहाळजेवणात पेढा-बर्फीचा खेळ नाही. लहान गोष्ट आहे, हसाल कदाचित. दोघींच्या सासवांनी नाकं मुरडलीच. पण ठरलं ते ठरलं.

आणि तुम्ही कधी मुंबईला गेलात, चर्चगेटला उतरलात, तर नाकासमोर वीसेक मिनिटं चालत जा. दारात घुटमळू नका. आत जा, बसा जरा. मग त्या दोन बाळांसमोर उभ्या राहा. शेजारी उभी असलेली मैत्रीण काही बोलली, तर ऐका. नाही बोलली, तरी थांबा.