फुटपाथ वाचवा, तो आपलाच आहे

दरवर्षी ११ डिसेंबरला पुण्याच्या लक्ष्मी रस्त्याचा एक तुकडा वाहनांना बंद होतो. २०२१ पासून महापालिका हा ‘पादचारी दिन’ साजरा करते. त्या दिवशी माणसं रस्त्याच्या मधोमध चालतात, पोरं पळतात, हौशीनं फोटो निघतात. १२ तारखेला तीच माणसं दुचाक्यांच्या हँडलांमधून अंग चोरत वाट काढतात. वर्षातून एक दिवसाची ही मेहेरबानी कशाला? आम्हाला रोजचा फुटपाथ हवा.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. चालणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट नसतं, पुढ्यात एअरबॅग नसते. त्याला आडोसा एकच, फुटपाथची कड. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांप्रमाणे तिथे किमान १.८ मीटर मोकळी वाट हवी आणि कड १५ सेंटिमीटरहून उंच नको, म्हणजे म्हाताऱ्या गुडघ्यांनाही ती चढता येते. आपल्याकडे त्या वाटेत विजेचा डीपी, दुकानाची वाढवलेली पायरी, फ्लेक्सचा बांबू, उखडलेले ब्लॉक, आणि एवढं होऊनही जागा उरलीच तर कुणाची तरी स्कूटर. मग आजी खाली रस्त्यावर उतरतात, आणि मागून बस येत असते.

अतिक्रमण म्हटलं की आपला सगळा राग भाजीवाल्या मावशींवर निघतो. मला हे पटत नाही. २०१४ च्या कायद्यानं फेरीवाल्यांना जागा नेमून द्यायची आहे. ती महापालिकेनं द्यावी. फुटपाथवर चढवलेल्या मोटारीच्या पाठीशी मात्र कुठलाच कायदा नाही. २०१७ च्या वाहनचालन नियमांनी फुटपाथवर गाडी चालवायलाही मनाई केली आहे आणि लावायलाही. झेब्रा पट्ट्यांवर पादचाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हेही त्यातच आहे. मे २०२५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयानं फुटपाथ वापरण्याचा हक्क घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात धरला.

चालणाऱ्यांनीही ऐकून घ्यावं. झेब्रा पट्टे दहा पावलांवर असताना दुभाजकावरून उडी मारायची आणि वर गाडीवाल्याला शिव्या द्यायच्या, हे बंद करू या.

पुणे महापालिकेनं २०१६ मध्येच पादचारी धोरण मंजूर केलं. ते कागदावरून खाली उतरवायला मागे लागणारी माणसं हवीत. सोसायटीतल्या चार जणांनी टेप घेऊन आपल्या गल्लीचा फुटपाथ मोजा. अडथळ्यांचे फोटो काढून क्षेत्रीय कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. आपली गाडी आधी खाली घ्या, मगच शेजाऱ्याला सांगा. मंडळवाल्यांनो, मांडवाचा खांब फुटपाथ सोडून रोवा. आणि अंदाजपत्रकासाठी महापालिका नागरिकांकडून कामं मागवते, त्या अर्जात यंदा आणखी एक कमान किंवा बाकडी मागू नका. चौकापासून चौकापर्यंत सलग, सपाट फुटपाथ मागा.