आवणीचे दिवस

जुलैत लोणावळ्याहून लोकलने पुण्याकडे येताना कामशेत-वडगावच्या खाचरांत आवणी चाललेली दिसते. मावळची ओळख झालेला इंद्रायणी तांदूळ वडगावच्याच भात संशोधन केंद्राची देणगी. इंद्रायणी असो की आंबेमोहोर, रोप आधी दाटीत वाढतं, मग मुळासकट उपटलं जातं. चिखलात लावल्यावर काही दिवस ते पिवळं पडतं, मान टाकतं. शेतकरी घाबरत नाही. बांध नीट करून पाणी धरून ठेवतो.

योहानाच्या शुभवर्तमानातला मातीत पडून मरणारा दाणा मला या खाचरांनी समजावला. आणि लक्ष्मीबाई टिळक आठवल्या. १८९५ मध्ये त्यांचे पती ना. वा. टिळक यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यांचा संसार उपटला गेला. काही वर्षांची ताटातूट सोसून १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. ती मधली वर्षं! मंडळीत साक्ष देताना आपण लोंबीबद्दल बोलतो, पिवळ्या पानांबद्दल फार कमी. मला ते खटकतं.

म्हणून या अंकात नोकरी सुटलेल्यांच्या, घरचं माणूस गमावलेल्यांच्या हकिकती आहेत. काहींचं रोप अजून सावरलेलं नाही. त्याही तशाच छापल्या आहेत.