आधी शोषखड्डा बघा!

नाशिकजवळच्या गावांत द्राक्षबागा मोडून रो-हाऊस उभी राहताहेत. घर पाहायला गेलं की आपण ओटा, देवघर बघतो. मी मात्र हल्ली आधी विचारते, ‘शोषखड्डा कुठंय आणि बोअर कुठंय?’

आपल्याकडचा काळा पाषाण भेगाळलेला. शेतातल्या खतांबरोबर सांडपाण्यातलं नायट्रेटही त्यातून बोअरमध्ये उतरतं. त्याला रंग नाही, वास नाही. पाणी उकळूनही ते जात नाही. लिटरला ४५ मिलिग्रॅम ही मर्यादा. ती ओलांडलेल्या पाण्यात दूधपावडर कालवली, तर तान्ह्याच्या जिवावर बेतू शकतं.

मैत्रिणींनो, सौद्याआधी पाण्याचा तपासणी अहवाल मागा. ग्रामसभेत नव्या वसाहतीचा विषय निघाला, की सांडपाणी कुठं जाणार हे विचारा. घरात पाणी आपणच भरतो ना? मग हा प्रश्नही आपणच विचारायला हवा.