महादेवपुऱ्यातून घडलेली ध्रुवीय हिमावरची नजर

भारत आणि अमेरिका यांच्या अंतराळ संस्थांनी संयुक्तपणे विकसित केलेल्या निसार या उपग्रहाचे नियमित वैज्ञानिक निरीक्षण नोव्हेंबर २०२५ मध्ये सुरू झाले. त्याच सुमारास भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने, म्हणजेच इस्रोने, या उपग्रहाने टिपलेले गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशाचे चित्र प्रसिद्ध केले. त्र्यंबकेश्वरी उगम पावणारी गोदावरी समुद्राला मिळते तेथील खारफुटी, शेती आणि मत्स्यतळी त्यात स्पष्ट दिसतात. देशातील प्रसारमाध्यमांनी या चित्राला ठळक प्रसिद्धी दिली आणि ते स्वाभाविकही होते. मात्र या उपग्रहाची सर्वात महत्त्वाची कामगिरी गोदावरीपासून हजारो किलोमीटर दूर, अंटार्क्टिकाच्या निर्मनुष्य हिमप्रदेशात होणार आहे. मुंबई, रायगड किंवा सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरील रहिवाशांशी त्या कामगिरीचा थेट संबंध आहे.

निसारची अखेरची जडणघडण बेंगळुरूत झाली. शहराच्या पूर्वेकडील महादेवपुरा परिसर देशाला ठाऊक आहे तो माहिती तंत्रज्ञान कंपन्यांच्या काचेच्या इमारतींसाठी आणि वाहतुकीच्या कोंडीसाठी. याच परिसरात, बाह्यवर्तुळ मार्गालगत मराठाहळ्ळी येथे इस्रोची उपग्रह जुळणी आणि चाचणी आस्थापना आहे. मंगळयानासह अनेक यानांच्या चाचण्या येथे पार पडल्या. निसारसंबंधीचा करार ३० सप्टेंबर २०१४ रोजी झाला. एल पट्ट्यातील रडार अमेरिकेच्या नासाने, तर एस पट्ट्यातील रडार इस्रोच्या अहमदाबाद येथील अंतराळ उपयोजन केंद्राने तयार केले. दोन्ही रडार कॅलिफोर्नियात एकत्र जोडण्यात आली आणि मार्च २०२३ मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या विमानाने बेंगळुरूला आणण्यात आली. उपग्रहाच्या मुख्य सांगाड्यावर ती येथेच बसविण्यात आली. त्या वर्षाच्या अखेरीस अंतराळासारख्या निर्वात स्थितीत, कडक थंडी आणि उष्णता यांचा आलटून पालटून मारा करीत, सुमारे तीन आठवडे उपग्रहाची परीक्षा घेण्यात आली.

काम सरळ रेषेत पुढे गेले असे मात्र नाही. उपग्रहावरील १२ मीटर व्यासाचा, सोन्याचा मुलामा दिलेल्या तारांच्या जाळीचा परावर्तक घडी घातलेल्या अवस्थेत अपेक्षेपेक्षा अधिक तापू शकतो, असे लक्षात आले. तो पुन्हा अमेरिकेत पाठवून त्यावर विशेष लेप देण्यात आला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तो भारतात परतला. त्यामुळे प्रक्षेपण लांबले. अखेर ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून जीएसएलव्ही एफ-१६ या प्रक्षेपकाने सुमारे २,४०० किलो वजनाचा हा उपग्रह कक्षेत नेला.

निसार नेमके काय पाहतो, हे समजून घेण्यासाठी बर्फाचे दोन प्रकार वेगळे करावे लागतात. समुद्राचे पाणी गोठून तयार होणारा बर्फ पाण्यावर तरंगत असतो. पेल्यातील बर्फाचा खडा वितळला म्हणून पेल्यातील पाण्याची पातळी वाढत नाही. त्याचप्रमाणे हा समुद्री बर्फ वितळल्याने समुद्राची पातळी जवळपास वाढत नाही. जमिनीवर हजारो वर्षांत साचलेल्या हिमाची गोष्ट वेगळी आहे. ग्रीनलँडवरील सर्व हिम वितळले तर जगातील समुद्राची पातळी सात मीटरहून अधिक, आणि अंटार्क्टिकावरील सर्व हिम वितळले तर सुमारे ५८ मीटर वाढेल. असे काही नजीकच्या शतकांत होणार असल्याचे कोणीही म्हणत नाही. प्रश्न या साठ्याचा किती लहानसा अंश किती वेगाने समुद्रात उतरतो, एवढाच आहे.

समुद्री बर्फाची हानी त्यामुळे दुर्लक्ष करण्याजोगी ठरत नाही. शुभ्र बर्फ सूर्यप्रकाश परत फेकतो, तर त्याच्या जागी उघडे पडणारे गडद पाणी उष्णता शोषून घेते. फेब्रुवारी २०२३ मध्ये अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्री बर्फाचे क्षेत्र १८ लाख चौरस किलोमीटरच्याही खाली घसरले. १९७९ पासूनच्या उपग्रह नोंदींतील हा नीचांक होता. मार्च २०२५ मध्ये आर्क्टिकमधील हिवाळी बर्फाचे कमाल क्षेत्र सुमारे १ कोटी ४३ लाख चौरस किलोमीटर इतकेच भरले आणि तोही तोपर्यंतचा हिवाळी नीचांक ठरला. त्यातही अंटार्क्टिकाने शास्त्रज्ञांना अधिक कोड्यात टाकले. तेथील समुद्री बर्फ २०१४ पर्यंत किंचित वाढत होता आणि त्यानंतर दोनच वर्षांत चित्र पालटले.

हवामानबदलविषयक आंतरसरकारी मंडळाच्या २०२१ मधील अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटीमीटरने वाढली. २००६ नंतरच्या काळात वाढीचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर होता. आजवरच्या वाढीत तापलेले पाणी प्रसरण पावण्याचा वाटा मोठा होता. यापुढे जमिनीवरील हिमाचा वाटा वाढत जाणार आहे. याच अहवालात शतकअखेरीचे अंदाजही दिले आहेत. उत्सर्जनात मोठी कपात झाली तर साधारण २८ ते ५५ सेंटीमीटर, आणि ते अनिर्बंध वाढले तर ६३ सेंटीमीटर ते एक मीटर वाढ संभवते. मात्र हिमस्तर कोसळण्याच्या प्रक्रियांविषयीची अनिश्चितता पाहता दोन मीटरच्या आसपासची वाढही नाकारता येत नाही, असे मंडळाने नमूद केले आहे.

एक मीटर आणि दोन मीटर यांतील हे अंतर किनाऱ्यावरील नियोजनकारांच्या दृष्टीने प्रचंड आहे. निसारचे खरे महत्त्व येथे आहे. अंटार्क्टिकातील हिमनद्या समुद्राकडे किती वेगाने सरकत आहेत, आणि त्यांचा तळ खडक सोडून पाण्यावर तरंगू लागतो ती सीमारेषा किती मागे हटत आहे, या दोन गोष्टी कळल्याशिवाय ही अनिश्चितता कमी होणार नाही. पश्चिम अंटार्क्टिकातील थ्वेट्स ही एकच हिमनदी पूर्णपणे नष्ट झाली तर समुद्राची पातळी सुमारे ६५ सेंटीमीटरने वाढू शकते. तिच्याखालील भूभाग आतल्या बाजूला खोल होत गेलेला असल्याने, ही सीमारेषा एकदा मागे सरकू लागली की ती सहज थांबत नाही.

रडारच्या सूक्ष्मलहरींना सूर्यप्रकाश लागत नाही आणि ढगांचा अडसर होत नाही. ध्रुवप्रदेशात रात्र महिनोन्‌महिने चालते, आणि उन्हाळ्यात आकाश बहुधा ढगाळ असते. तेथे छायाचित्र घेणारा उपग्रह वर्षातील बराच काळ आंधळाच राहतो. निसार सुमारे ७४७ किलोमीटर उंचीवरून दर १२ दिवसांनी त्याच मार्गावर परत येतो आणि सुमारे २४० किलोमीटर रुंदीचा पट्टा एका फेरीत न्याहाळतो. दोन फेऱ्यांतील परावर्तित लहरींची तुलना केली की पृष्ठभाग काही सेंटीमीटरने सरकला असला तरी ते कळते. एल पट्ट्यातील २४ सेंटीमीटर लांबीच्या लहरी कोरड्या हिमात खोलवर शिरतात. एस पट्ट्यातील सुमारे ९ सेंटीमीटरच्या लहरी पृष्ठभागालगतच्या हिमातील बदल टिपण्यास उपयुक्त ठरतात. हे दोन्ही पट्टे एकत्र वापरणारा हा पहिलाच उपग्रह आहे.

या मोहिमेतील एका निर्णयाची चर्चा सर्वसामान्यांमध्ये फारशी झाली नाही. उपग्रहाचे रडार आपल्या मार्गाच्या कोणत्या बाजूला पाहणार, हे ठरवावे लागते. सुरुवातीच्या आराखड्यात त्याची दिशा काही काळाने पालटण्याचा विचार होता. नंतर ते कायम डाव्या बाजूलाच पाहील असे ठरले. परिणामी दक्षिण ध्रुवाच्या जवळपर्यंतचे अंटार्क्टिका त्याच्या दृष्टीच्या टप्प्यात आले, पण उत्तरेकडे साधारण ७७.५ अंशांपलीकडचा भाग सुटला. युरोपचे सेंटिनेल-१ हे उपग्रह उजवीकडे पाहतात आणि आर्क्टिक बऱ्याच अंशी सांभाळतात. सर्वात मोठा हिमसाठा आणि सर्वात मोठी अनिश्चितता दक्षिणेत असताना ही निवड योग्यच म्हणावी लागेल.

भारत दोन्ही ध्रुवांपासून दूर आहे, ही आपल्यासाठी दिलाशाची बाब नाही. हिमाचा प्रचंड साठा आपल्या गुरुत्वाकर्षणाने भोवतालचे पाणी स्वतःकडे ओढून धरतो. तो आटला की ही ओढ कमी होते, जवळच्या समुद्राची पातळी उतरते आणि ते पाणी दूरच्या किनाऱ्यांकडे जाते. म्हणजे ग्रीनलँडचे हिम वितळल्याने ग्रीनलँडच्या लगतचा समुद्र खाली जाऊ शकतो. उष्ण कटिबंधातील किनाऱ्यांवर मात्र त्याचा भार सरासरीहून अधिक पडतो. केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाच्या २०२० मधील अहवालानुसार उत्तर हिंदी महासागराची पातळी १८७४ ते २००४ या काळात वर्षाला १.०६ ते १.७५ मिलिमीटर वाढत होती. १९९३ ते २०१७ या काळात हा वेग ३.३ मिलिमीटर झाला. मुंबईतील अपोलो बंदर येथील भरतीमापकाच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. इतकी दीर्घ नोंद आशियात विरळाच आहे.

ध्रुवांशी आपले नाते केवळ भरतीच्या रेषेपुरते नाही. गोव्यात वास्को येथे असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आर्क्टिकमधील कारा समुद्रातील उन्हाळी बर्फ घटणे आणि मध्य भारतात सप्टेंबरमध्ये होणारी अतिवृष्टी यांच्यात संबंध असू शकतो, असे दाखविले. हा संभाव्य दुवा आहे, सिद्ध नियम नव्हे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असलेल्या महादेवपुऱ्यात सप्टेंबर २०२२ मध्ये तलाव भरून वाहिले आणि संगणक अभियंत्यांना ट्रॅक्टरमधून कार्यालये गाठावी लागली. त्या पुराचे खापर ध्रुवावर फोडणे सोपे, पण चुकीचे ठरेल. बुजविलेले ओढे आणि तलावांवरील अतिक्रमणे यांचा हिशेब आधी मांडावा लागेल. त्या हिशेबातही निसारचा उपयोग आहे. भूजलाच्या उपशामुळे खचणारी जमीन आणि पुराने व्यापलेले क्षेत्र, दोन्ही तो टिपू शकतो.

हिमालयात तर हा उपयोग तातडीचा आहे. इस्रोने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केलेल्या माहितीनुसार, दहा हेक्टरहून मोठ्या २,४३१ हिमसरोवरांपैकी ६७६ सरोवरांचा १९८४ पासून लक्षणीय विस्तार झाला असून त्यांतील १३० भारतात आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक सरोवर फुटले आणि चुंगथांग येथील तीस्ता-३ प्रकल्पाचे धरण वाहून गेले.

उपग्रहाच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्या लागतील. हिमाच्या तळाशी शिरणारे उबदार समुद्रजल आकाशातून दिसत नाही. हवामानबदलाने साचलेल्या अतिरिक्त उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक वाटा महासागरांनी शोषला आहे, आणि तिचा माग काढण्यासाठी जहाजे, पाण्यात सोडलेली उपकरणे आणि बर्फावर राहणारी माणसे लागतात. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखालील पहिली भारतीय अंटार्क्टिक मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याच्याच किनाऱ्यावरून निघाली होती. आज अंटार्क्टिकात मैत्री आणि भारती, तर आर्क्टिकमध्ये २००८ पासून हिमाद्री हे भारताचे तळ आहेत. निसारची माहिती उतरवून घेण्यासाठी इस्रो तेलंगणमधील शादनगरबरोबर अंटार्क्टिकातील भूस्थानकाचाही वापर करते.

निसारची माहिती जगातील कोणालाही विनामूल्य खुली आहे. ती वाचून निर्णय कोण घेणार, हा प्रश्न मात्र आपल्याकडे अनुत्तरितच आहे. २०१९ च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेत समुद्राची वाढती पातळी विचारात घेऊन आखलेली धोकारेषा आहे. परंतु तिचा उपयोग आपत्ती व्यवस्थापनाचे साधन म्हणून करावयाचा आहे, बांधकामावरील निर्बंध म्हणून नव्हे. त्याच अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरील ना-विकास क्षेत्र २०० मीटरवरून ५० मीटरवर आणले. पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली. ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पासाठी समुद्रात सुमारे १,४४८ हेक्टर भराव घातला जाणार आहे. अशी बांधकामे शतकभर टिकावीत अशी अपेक्षा असते. भरावाची उंची ठरविताना अर्धा मीटर गृहीत धरायचा, एक की दोन, याचे उत्तर आज अंटार्क्टिकातील काही मोजक्या हिमनद्यांच्या वेगात दडले आहे.

निसारचे नियोजित आयुष्य पाच वर्षांचे आहे. हिमनद्यांचा कल ओळखण्यास ती मुदत पुरेशी नाही, आणि एल पट्ट्यातील निरीक्षण पुढे चालू ठेवण्यासाठी युरोपीय अंतराळ संस्था रोझ-एल या उपग्रहाची तयारी करीत आहे. दक्षिण ध्रुवाकडे पाहणारी ही नजर निसारनंतर कोण सांभाळणार, हे दोन्ही देशांना त्याचे आयुष्य संपण्यापूर्वीच ठरवावे लागेल. कारण करारापासून प्रक्षेपणापर्यंत निसारलाच जवळपास अकरा वर्षे लागली होती.