देवाला जागा कोणी दिली?

मुंबईच्या धार्मिक जीवनाविषयी दोन कथा नित्य सांगितल्या जातात. पहिली कथा सांगणाऱ्यांच्या मते हे शहर मुळात एकाच धर्माचे. इतरांना त्याने औदार्याने आसरा दिला. दुसरी कथा उदारमतवाद्यांची: सहिष्णुता ही कंपनी सरकारची देणगी, आणि तिच्यामुळेच येथे सर्व धर्म नांदले. दोन्ही कथांतून एक गोष्ट सोयीस्करपणे गळालेली असते, ती म्हणजे जमीन. देवालाही शहरात जागा लागते. ती कोणी, कोणाला आणि कोणत्या अटींवर दिली, हे विचारताच दोन्ही कथांचा रंग उडतो.

१६६८ साली कंपनीने हे बेट दुसऱ्या चार्ल्सकडून वर्षाला दहा पौंड भाड्याने घेतले, तेव्हा तिच्या हाती बंदर होते, पण व्यापारी नव्हते. गव्हर्नर जेराल्ड ऑंजियरने व्यापाऱ्यांना ओढून घेण्यासाठी जी आश्वासने दिली, त्यांतले एक धर्मस्वातंत्र्याचे होते. मलबार टेकडीवर पारशांचा पहिला दख्मा उभा राहिला तो याच काळात. दीवचा वाणी निमा पारख तर १६७७ मध्ये अटी ठरवूनच आला. आपल्या जातीला घरात धर्माचरणाची आणि प्रेतदहनाची मोकळीक असावी. आवारात ख्रिस्ती वा मुसलमान राहू नये. तेथे कोणी जीवहत्या करू नये. कोणावर ख्रिस्ती होण्याची वा ओझी वाहण्याची सक्ती नसावी. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने या यादीतले शेवटचे कलम नीट वाचावे. धर्मस्वातंत्र्य आणि वेठीतून सुटका यांचा सौदा एकाच कागदावर झाला आहे. ज्याच्यापाशी भांडवल नव्हते, त्याच्या पाठीवरचे ओझे उतरवणारे कलम त्या कागदावर नव्हते.

कोळ्यांपाशी तर कागदच नव्हता. जिच्या नावाने शहर ओळखले जाते त्या मुंबादेवीला किल्ल्याच्या सोयीसाठी अठराव्या शतकात मूळ स्थान सोडावे लागले. अर्थात कागद असून तरी काय? पोर्तुगीज अमलात उद्ध्वस्त झालेले वाळकेश्वराचे देऊळ १७१५ मध्ये पुन्हा बांधणारा रामा कामती हा कंपनीचा मातब्बर साहाय्यक. १७१८ च्या नाताळात सेंट थॉमस चर्च उघडले तेव्हा तो ज्ञातिबांधवांसह समारंभाला गेला होता. दोनच वर्षांनी कान्होजी आंग्ऱ्यांशी संधान बांधल्याच्या आरोपावरून त्याच कंपनीने त्याला तुरुंगात टाकले आणि त्याची मालमत्ता जप्त केली. सहिष्णुतेचे गोडवे गाणाऱ्यांनी वाळकेश्वराला जाताना एवढे ध्यानात ठेवावे.

कराराच्या या धर्मजीवनाखाली दुसरे एक धर्मजीवन होते. ते भिंतींत मावत नव्हते. मध्य रेल्वेच्या 'मशीद' स्थानकावर रोज लाखो माणसे चढतात-उतरतात. हे नाव ज्या मशिदीवरून पडल्याचे सांगतात ती बेने इस्रायलींचे सिनेगॉग आहे, हे त्यांतल्या थोड्यांनाच ठाऊक असते. टिपूच्या कैदेतून सुटून आलेल्या सामाजी हसाजी दिवेकर या कंपनीच्या पलटणीतल्या शिपायाने ते १७९६ मध्ये बांधले. प्रभादेवीच्या सिद्धिविनायकाच्या १८०१ मधील लहानशा देवळामागे देऊबाई पाटील ही आगरी स्त्री होती. मोहरमच्या ताबुतांत एकोणिसाव्या शतकात हिंदू श्रमिकही मोठ्या संख्येने सामील होत. या लोकांना सहिष्णुतेची व्याख्या कोणी विचारली नव्हती. एकाच गल्लीत राहणाऱ्यांचा तो व्यवहार होता.

हा व्यवहार सोवळा होता असे मात्र नव्हे. १८९३ च्या दंगलीत गिरणी कामगारही उतरले होते. त्यानंतर हिंदू ताबुतांपासून दूर होत गेले आणि गणपती रस्त्यावर आला. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये नऊशे माणसे मारली गेली, हा श्रीकृष्ण आयोगाचा आकडा आहे. त्या दंगलींनंतर असंख्य मुसलमान कुटुंबे मिश्र वस्त्या सोडून मुंब्र्यासारख्या ठिकाणी गेली. उरलेल्या शहरात निमा पारखचे कलम नव्या रूपाने अवतरले. मांसाहारी कुटुंबाला सदनिका नाकारणाऱ्या इमारती आज सर्वांच्या परिचयाच्या आहेत. अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेचा सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवणारा नियम २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला. म्हणजे सतराव्या शतकात व्यापाऱ्याने परक्या सत्तेकडून मिळवलेले संरक्षण आज मालमत्ताधारकाचे शस्त्र झाले आहे. ज्यांना त्या भिंतीआड प्रवेश नाही, त्यांच्या गल्ल्या १९८२ च्या संपानंतर ओस पडत गेल्या. गिरण्यांच्या जमिनींतला मोठा वाटा शहराला आणि सार्वजनिक गृहनिर्माणाला देणारा १९९१ चा नियम २००१ मध्ये केवळ मोकळ्या जमिनीपुरता आकसला, तेव्हा चाळीबरोबर तिचे भजनी मंडळही उठले.

या अवनतीत समाजवाद्यांचाही वाटा आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. ज्या मंडपांत एकेकाळी व्याख्याने आणि पोवाडे होत, ते 'धार्मिक' म्हणून पुरोगाम्यांनी सोडून दिले. धर्म ही मागासलेली जाणीव आहे, उत्पादनसंबंध बदलले की ती आपोआप विरेल, असे अभ्यासवर्गांत शिकवले गेले. उत्पादनसंबंध बदलले खरे, पण गिरणीच्या जागी मॉल येऊन! रिकाम्या मंडपात शिरायला इतरांना निमंत्रण लागले नाही. वर्गणीची पावती मागे पडून कमानीवर बांधकाम व्यावसायिकाचा फलक चढला.

लालबागचे उदाहरण पाहावे. १९३२ मध्ये पेरू चाळीचा बाजार बंद झाला. कोळणी आणि किरकोळ विक्रेते उघड्यावर आले. कायमच्या बाजारासाठी त्यांनी नवस केला. राजाबाई तय्यबअली यांनी जागा दिली, बाजार झाला आणि १९३४ मध्ये गणपती बसला. पोट भरण्याच्या जागेसाठी केलेला हा नवस. जागा देणाऱ्याचा धर्म कोणी पाहिला नव्हता. त्याच गणपतीच्या दर्शनाला आज सामान्यांची रांग तासन् तास ताटकळते आणि बड्यांना वेगळी वाट असते.

धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या मंडळांना हिशेब सादर करावे लागतात. ते वस्तीत जाहीर वाचून दाखवावेत, देणगीदार बिल्डरांची नावे फळ्यावर लिहावीत आणि दर्शनाची रांग एकच असावी, एवढी मागणी करायला कार्यकर्त्याला आस्तिक व्हावे लागत नाही, की पक्षाच्या ठरावाची वाट पाहावी लागत नाही. मंडळाच्या वार्षिक सभेला जाऊन बसावे लागते. ती बहुधा रात्री जेवणानंतर असते आणि लांबते.