भुताच्या घरातले दिवे

आमच्या सोसायटीच्या अंगणात गेल्या वर्षी सिमेंटचे ठोकळे बसवले. चिखल गेला, मोटारी लावायची सोय झाली, आणि दिवाळीतला किल्ला मात्र गेला. किल्ल्याला माती लागते. आमच्या सईने यावर आपल्यापुरता तोडगा काढला. अंगणात ठोकळे आले, तशी ती ठोकळ्यांच्याच राज्यात राहायला गेली. 'माइनक्राफ्ट' या संगणकावरच्या खेळात तिने भुताचा वाडा बांधायला घेतला, आणि नरकचतुर्दशीला तो पाहायला यायचे आमंत्रण मैत्रिणींना दसऱ्यालाच देऊन टाकले.

ज्यांच्या घरी बारा वर्षांचे मूल आहे त्यांना हा खेळ समजावून सांगायला नको. इतरांसाठी एवढेच, की मार्कुस पेर्सन या स्वीडिश गृहस्थाने तो २००९ साली प्रथम लोकांपुढे आणला. तिथले सारे जग चौकोनी ठोकळ्यांचे. प्रत्येक ठोकळा मीटरभर लांब, रुंद आणि उंच. झाड तोडावे, दगड खणावा आणि एकावर एक रचून हवे ते उभारावे. तिथला दिवस आणि रात्र मिळून २० मिनिटांत आटोपतात. काळोख पडला की पिशाचांचा संचार सुरू होतो.

आता, भीती हा माझा प्रांत. धारप आणि मतकरी यांच्या कथा वर्गात शिकवताना मी भयरसावर तासभर बोलू शकतो, आणि विद्यार्थी भ्यायले नाहीत तरी गप्प बसतात. तेव्हा सईच्या वाड्याकडे मी पहिल्या दिवशी जरा वडीलधाऱ्या कौतुकानेच पाहिले. दोन दिवसांत माझे कौतुक उतरले आणि मी निमूटपणे खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसू लागलो.

काय काय करीत होती ती! भिंतींना गडद ओकचे जवळजवळ काळे लाकूड, जोत्याला डीपस्लेट नावाचा खोल जमिनीतला करडा दगड. पण भिंत एकाच दगडाची केली तर ती नवी दिसते, म्हणून मध्येच एखादा तडकलेला दगड, मध्येच एखादा शेवाळलेला. छपराला म्हणून वेगळे सामान नाही; जिन्याच्या पायऱ्याच उतरत्या रचायच्या की छप्पर होते, आणि त्यातल्या चार काढून टाकल्या की ते मोडके होते. खिडक्यांना झडपा, पण एक लटकती. कोपऱ्यांत कोळिष्टके; त्यांत सापडलेल्या माणसाला धड चालता येत नाही. दिवाणखान्यात एक तसबीर, आणि तिच्यामागे भिंतीत आरपार वाट! तसबीर जशीच्या तशी असते आणि माणूस तिच्यातून चालत आत जातो. ही युक्ती पाहून मी अक्षरशः टाळी वाजवली. "बाबा, हे सगळ्यांना येतं," सई म्हणाली.

मला एकच गोष्ट खटकत होती. वाड्यात उजेड फार! दारात कोरलेल्या भोपळ्याचे दिवे, जिन्यात निळसर कंदील, टेबलावर मेणबत्ती, आणि जिथे दिवा दिसत नाही तिथेही कुठून तरी मंद प्रकाश. भुताचे घर असे दिवाळी केल्यासारखे का? मी एकदा विचारलेही. तिने सविस्तर उत्तर दिले. त्या वेळी माझ्यापुढे उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. मी 'हं, हं' म्हणत राहिलो आणि एका मुलाला अर्धा गुण वाढवून दिला. तिचे उत्तर मी ऐकले नाही, हे मला पुढे कळले.

धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री घरात सारे झोपल्यावर मी संगणक उघडला. सकाळी तिला थक्क करावे, एवढाच हेतू. तळमजल्यावरचे दिवे मी एकेक करून काढले. मंद प्रकाशाचे रहस्यही सापडले. गालिचे उचलले, तर त्यांखाली जमिनीत भोपळ्याचे दिवे पुरलेले! गालिच्यातून उजेड वर येतो आणि दिवा दिसत नाही. तेही काढून पेटीत टाकले. वरच्या मजल्यावरच्या खोल्या तेवढ्या तशाच ठेवल्या. मग लांबून कसे दिसते ते पाहावे म्हणून फाटकाबाहेर चाळीसएक पावले चालत गेलो. सूर्य मावळत होता. खाली काळामिट्ट वाडा आणि वर उजेडाची एकच खिडकी. काय सांगू तुम्हांला, अंगावर काटा आला! माझाच, माझ्याच कल्पकतेने.

मी परत आलो, दार उघडले आणि आत पाऊल टाकले. काळोखात फुसफुस झाली, फटाक्याची वात पेटल्यासारखी. पुढच्या दीड सेकंदात मी मेलो.

खेळात मेलेला माणूस लगेच आपल्या बिछान्यापाशी जिवंत होतो. तसा मीही झालो. वाडा मात्र झाला नाही. दिवाणखान्याची पुढची भिंत, जिन्याचा खालचा भाग, वरच्या खोलीची अर्धी जमीन, तसबीर, सारे गेले होते आणि तळाशी मातीत खड्डा पडला होता. खेळ बंद करून पुन्हा उघडला. खड्डा तिथेच. हा खेळ झालेले सगळे आपले आपण लिहून ठेवतो.

मला मारले ते क्रीपर नावाच्या प्राण्याने. पेर्सन डुकराची आकृती करायला बसला होता. लांबी आणि उंचीची अदलाबदल झाली आणि हे चार पायांचे उभे भूत जन्माला आले. ते तुमच्याजवळ येते आणि फुटते. रात्री दीड वाजता हे वाचताना मला तो नियमही सापडला, जो सईने मला एकदा सांगितला होता. उजेडाच्या शून्यापासून पंधरापर्यंत पायऱ्या असतात. मशालीचा उजेड १४, एका मेणबत्तीचा ३, आणि दिव्यापासून दर ठोकळ्याला एकेक पायरी कमी. अशी पिशाचे उजेड शून्य असेल तिथेच जन्मतात, तीही तुम्ही किमान २४ ठोकळे दूर असलात तर. म्हणजे मी काळोख केला आणि शोभा पाहायला म्हणून नेमका दूर गेलो! भुताचे घर टिकवायचे तर त्यात कोपरान्‌कोपरा दिवा लागतो. तीन आठवडे ती पोर तेच सांभाळीत होती: उजेड राहील, पण कळणार नाही.

सकाळी मी कबुली दिली. तिने पडदा पाहिला आणि संगणक बंद केला. रडली असती तर बरे झाले असते. धनत्रयोदशीला फराळाची ताटली तिने आईकडून घेतली, माझ्याकडून नाही. "तू तिला विचारलं का नाहीस?" एवढेच ही म्हणाली, आणि विचारले होते पण ऐकले नव्हते, हे हिला सांगायचे मला धैर्य झाले नाही.

त्याच रात्री झोपायच्या वेळी सई माझ्या खोलीच्या दारात आली. "बाबा, तू नेमका कुठे उभा होतास?"

मी खुर्ची ओढली. दारापासून दोन पावले, तोंड जिन्याकडे. ती बराच वेळ भगदाडाकडे पाहत होती. मग कामाला लागली, पण भिंत बुजवायला नव्हे. छपरातली तिने स्वतः पाडलेली चारही भोके बुजवली. तडकलेले दगड इथून तिथून काढून भगदाडाच्या कडेला आणून लावले, आणि जसजसे लांब जावे तसतसे कमी केले. वरच्या अर्ध्या खोलीत पलंग अगदी काठावर आणून ठेवला. खाली टेबल, दोन पायऱ्यांचे आसन, टेबलावर मेणबत्ती. खड्ड्याच्या तळाशी दिवा पुरून त्यावर करड्या रंगाचा गालिचा.

मी पाहत राहिलो. आधीचा वाडा सगळीकडून सारखा मोडका होता. आम्ही दोघांनी तो मोठ्या आवडीने मोडला होता. आता घर धड होते, माणसे जेवायला बसणार होती, आणि एकाच बाजूने काहीतरी आत आले होते.

"भिंत पुन्हा बांधून देतो, लाकूड मी तोडतो," मी म्हणालो.

"नको. तू फक्त फाटकापाशी उभा राहून सांग, खालचा दिवा दिसतो का."

नरकचतुर्दशीला संध्याकाळी चौघी मैत्रिणी आल्या. चकल्या खात खात वाड्याच्या दारापर्यंत गेल्या आणि चकल्या खायच्या थांबल्या. दाराशेजारी सईने एक लाकडी पाटी ठोकली होती. मी चष्मा सरसावून वाचली: 'बाबांनी दिव्यांना हात लावू नये.'