टायमिंग ‘अंदाजे’ नसतं!

आमच्या कॉलेजच्या कार्ट टीमला एक जुनं १०० सीसी टू-स्ट्रोक इंजिन मिळालं. पॉइंटवालं. म्हणजे ईसीयू नाही, सेन्सर नाही, लॅपटॉप जोडायची सोयही नाही. आम्ही खूश! यूट्यूबवर दोन व्हिडिओ बघितले, स्टेटर प्लेट थोडी फिरवली, स्टार्ट केलं. काय पिकअप! अजून थोडं ॲडव्हान्स केलं. आणखी भारी. तिसऱ्या दिवशी सरळ रस्त्यावर फुल थ्रॉटल दिला आणि इंजिन गपकन बंद. हेड उघडलं तर पिस्टनला भोक.

इंजिन घेऊन ज्या मिस्त्रीकाकांकडे गेलो, त्यांनी एकच विचारलं, ‘‘किती मिलिमीटरवर लावलं होतंत रे?’’ सहा जण होतो. उत्तर एकाकडेही नव्हतं.

हा लेख त्या गप्प बसण्याबद्दल आहे. कारण आपल्याकडे ‘जुगाड’ या शब्दाचं फार कौतुक होतं. ‘उस्ताद नुसत्या आवाजावर टायमिंग लावतात’ ही गोष्ट आपण चवीनं सांगतो आणि आपलाही कान तसाच आहे असं धरून चालतो. तो तसा नसतो.

मुळात मामला काय आहे? ठिणगी पडल्यावर पेट्रोल लगेच सगळं जळत नाही, थोडा वेळ लागतो. म्हणून पिस्टन अगदी वर पोचायच्या आधीच ठिणगी पाडावी लागते. १०,००० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात ६० अंश फिरतो. स्ट्रोक ४६ मिमी असेल तर साधारण अडीच मिमी आधी म्हणजे क्रँकचे सुमारे २४ अंश. अर्धा मिमी चुकलात की अडीचेक अंश गेले. ॲडव्हान्स जास्त झालं की खालच्या आरपीएमला गाडी चुणचुणीत वाटते, फसगत तिथेच होते. वरच्या आरपीएमला तीच उष्णता पिस्टन खाते.

काकांनी आमच्याकडूनच सगळं करून घेतलं. आधी फिलर गेजनं पॉइंटचा गॅप, कारण गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग आपोआप पुढे सरकतं. मग प्लगच्या जागी डायल गेज. पिस्टन सगळ्यात वर आला की शून्य. क्रँक उलटा, हव्या आकड्याच्या थोडा मागे नेऊन पुन्हा सुलट आणायचा, म्हणजे बेअरिंगमधला ढिलेपणा मोजमापात येत नाही. पॉइंटमध्ये पातळ कागद धरायचा. तो सुटला, त्या क्षणी ठिणगी. प्लेट फिरवा, स्क्रू आवळा, पुन्हा मोजा. आवळताना प्लेट हलतेच! आमचा आकडा चौथ्या वेळी जुळला.

मी विचारलं, ‘‘काका, तुम्ही तर कानावर लावता ना?’’ ते हसले. ‘‘कानानं मी तपासतो. लावतो गेजनंच.’’

कोणी म्हणेल, इलेक्ट्रिकच्या जमान्यात हे शिकून काय करायचं? प्रश्न बरोबर आहे. पॉइंटवाली इंजिनं उद्या कोणी बनवणार नाही. पण ईसीयूच्या आतला टायमिंगचा तक्ताही हाच हिशेब करतो, फक्त आपल्याला तो दिसत नाही. जुन्या इंजिनात तो हाताला लागतो. चुकलं तर दोष सॉफ्टवेअरवर ढकलता येत नाही.

तुमच्या गल्लीतही असे एखादे काका असतीलच. त्यांच्याबरोबर फक्त रील काढू नका. एक रविवार बसा, हात काळे करा आणि आकडे लिहून घ्या. त्यांचं गॅरेज बंद होईल, तेव्हा ते आकडे कुठल्याही मॅन्युअलमध्ये सापडतील याची खात्री नाही.

आमच्या टूलबॉक्समध्ये आता एक वही असते. पहिल्या पानावर तारीख, गॅप आणि मिलिमीटर. ‘अंदाजे’ हा शब्द त्यात लिहायचा नाही, असं ठरलंय.